अकरा गोट्यांची बाटली

गुरपादप्पांची ओळख मला त्यांच्या तोंडावरून झाली नाही, बोटांवरून झाली. मी मूळचा उदगीरचा. चिटगुप्प्याच्या सरकारी दवाखान्यात नवा कंपौंडर म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. औषधाच्या खिडकीतून एक हात आत आला. पाचही बोटं नखापासून पेरापर्यंत तपकिरी. मी मनात म्हटलं, हा बाबा दिवसाला शंभर विड्या ओढत असणार. म्हणून मुकाट्यानं खोकल्याची बाटली पुढे केली. तर बाहेरून आवाज आला, "खोकला न्हाई मला. तुमचा तराजू पायजे. घटकाभर."

"तराजू कशाला?"

"दवा करायचीय."

"दवा आम्ही करतो की इथं."

"तुमची माणसाला. माझी काचेला."

हा गावचा फोटोग्राफर आणि बोटांचा रंग त्या दवेचा, हे मला डॉक्टरसाहेबांनी मागाहून सांगितलं. त्यांनीच तराजू न्यायची परवानगीही दिली. फक्त आणायला-पोचवायला मी बरोबर जायचं, असं ठरलं. त्या एका तराजूपायी पुढची दहा वर्षं मी त्या माणसाच्या मागं फिरलो, आणि एकदाही कंटाळलो नाही.

त्या काळी फोटो काचेवर निघायचा. काढल्यावर काच कोरीच दिसायची. मग अंधाऱ्या खोलीत ती एका पाण्यात बुडवायची, की चित्र हळूहळू वर यायचं. त्या पाण्याला शहरातले लोक डेव्हलपर म्हणायचे, आमच्याकडं नुसतं 'दवा'. हैदराबादेत ती तयार डब्यात मिळायची म्हणे. गुरपादप्पा मात्र पुड्या आणून घरी करायचे. "डब्यातली दवा म्हंजी खानावळीतलं जेवन," ते म्हणायचे. "पोट भरतंय, पर कुनी काय घातलंय ते कळत न्हाई."

दवा करायचा दिवस म्हणजे घरात सण. पाणी आदल्या दिवशीच उकळून, झाकून गार केलेलं. का, तर पाण्यात हवा असते, ती उकळल्यावर निघून जाते. तांब्याचं भांडं त्या खोलीत आणायची कुणाची छाती नव्हती. तांब्यातलं पाणी माणसाला बरं, पण दवा त्यात लवकर सडते, असा त्यांचा अनुभव होता. मग एकेक पूड माझ्या तराजूत तोलून पाण्यात. क्रम ठरलेला. "पंगत हाय ही," ते मला दटावायचे. "कुनाला आधी बसवायचं, कुनाला मागून, ह्यात चूक झाली की सगळी पंगत उटतीय." शेवटी धुण्याचा सोडा. तो मन्नाएखेळ्ळीची मल्लम्मा परटीण दर बाजाराला घेऊन यायची, निवडून, चाळून. पेटीतल्या विलायती सोड्यापेक्षा मल्लम्माचा सोडा चांगला, असं गुरपादप्पा सगळ्यांना सांगायचे. तिच्यासमोर मात्र कधी बोलले नाहीत.

त्यांच्या दुकानात फोटो काढायला जाणं ही काही सोपी गोष्ट नव्हती. आधी जेवावं लागायचं. उपाशी माणसाचा फोटो निघत नाही, त्याचे डोळे पोटाकडं बघत असतात, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळं त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या अक्काला, गिऱ्हाईक आलं की ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी वाढावी लागायची. कधी कधी सात-आठ माणसांचं कुटुंबच यायचं. अक्का भाकरी थापता थापता मला ऐकवायची, "ह्यांनी फोटोचं दुकान काढलंय का खानावळ, काय की." बोलायची तशी, पण एक माणूस उपाशी खुर्चीवर बसू दिला नाही तिनं कधी.

दुसरी सवय जपाची. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नाही. म्हणून काच दवेत टाकली की हे 'ॐ नमः शिवाय' म्हणायला लागायचे, संथ, एका चालीत. ताजी दवा असली की एकशे आठाच्या आत चित्र पुरं. थंडीत दीडशे. दवा म्हातारी झाली की दोनशे. मी एकदा विचारलं, मधेच शिंक आली तर? तर म्हणाले, "शिंक म्हंजी दोन जप. मी धरतो ते."

आता मूळ दुखण्याकडं येतो. दवा टिकत नसे. एका वेळी घडाभर करायची आणि लागेल तशी वापरायची. पण जसजशी बाटली रिकामी होई, तसतशी वरच्या पोकळीत हवा भरे, आणि उरलेली दवा नासे. रोज सकाळी ते थोडी दवा काचेच्या पेल्यात घेऊन दारातल्या उजेडाला धरायचे. पाण्यासारखी निवळ असली तर म्हणायचे, तरणी हाय. गवताच्या काडीसारखी पिवळी दिसली की चाळिशी लागली. चहासारखी झाली की म्हातारी. आणि काळ्या चहासारखी झाली की अंगणात ओतायचे. तो दिवस वाईट जायचा त्यांचा. "हवा लागली की मानूस बी बिघडतंय, दवा बी," हे त्यांचं वाक्य मी हजारदा ऐकलं असेल.

एका पावसाळ्यात त्यांना लोणच्याची बरणी बघून साक्षात्कार झाला. लोणचं वर्षभर टिकतं ते कशानं? वर तेल तरंगतं, हवा आत जात नाही. झालं. त्यांनी अक्काच्या घाण्यावरच्या करडईच्या तेलातलं पावशेर तेल उचललं आणि दवेच्या बाटलीत ओतलं. चार दिवस आम्हाला रोज दाखवत होते. दवा खरंच निवळ राहिली होती. मी कंपौंडर असून मला हे सुचलं नाही, असं चारचौघांत सुनावूनही झालं.

पाचव्या दिवशी निंबर्ग्याचा एक जावई, दसऱ्याला सासरी आलेला, मिशांना पीळ देऊन फोटोला बसला. जेवून, अर्थातच. संध्याकाळी कागदावर फोटो उतरला तेव्हा जावयाच्या तोंडभर काळे ठिपके होते, देवी येऊन गेल्यासारखे. जिथं जिथं तेलाचा थेंब काचेला चिकटला, तिथं तिथं दवा पोचली नव्हती. मेहुण्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. बिचारा जावई आरशात बघून आला, मग पुन्हा फोटो बघत बसला.

गुरपादप्पांनी ती दवा अंगणात ओतली, तर पायरीवर फेसच फेस. नेमकी तेव्हाच मल्लम्मा सोड्याचं गाठोडं घेऊन आली. फेस बघून थबकली. बोट लावून चोळून बघितलं.

"अप्पा, साबन कवापासून करायलाव?"

"साबन कुटला? दवा हाय ती."

"तेल आन् सोडा एका जागी आला की साबनच की. आमच्यात लेकरालाबी म्हायती हाय."

"मग आधी कामून सांगितली न्हाईस?"

"मला कुटं इचारलाव?"

त्या दिवसापासून मल्लम्माचा त्या घरातला मान वाढला. सोडा ठेवायला आत येऊ लागली, बाटल्या बघू लागली. बाटल्यांच्या गळ्याशी, बुचाभोवती, पांढरी खरपुडी जमायची. ती नखानं खरवडून ती म्हणायची, "सोडा कितीबी कोंडा, गळ्याला फुटून वर येतोच बघा." आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही. परटीण, सोड्याचं बोलणारच.

तेलाचा मार्ग बंद झाल्यावर गुरपादप्पांना गोट्या सापडल्या. बसथांब्यावरच्या सोडावॉटरवाल्याकडं फुटक्या बाटल्यांतल्या काचेच्या गोट्या पडलेल्या असत. त्या त्यांनी ओंजळभर मागून आणल्या, उकळल्या, वाळवल्या. आता दवा जेवढी काढायची तेवढ्या गोट्या बाटलीत सोडायच्या. दवा पुन्हा गळ्यापर्यंत. हवेला जागाच नाही. वर बूच, बुचावर मेण. उन्हाळ्यात बाटली टोपलीत ठेवून विहिरीत, पाण्याच्या जरा वर, लाल दगडाच्या गारव्यात. पंधरा दिवसांत नासणारी दवा तीन-तीन महिने चालू लागली. मी टोपी काढून नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा हेवाच वाटला.

मग तिकडं विलायतेत लढाई पेटली. हैदराबादहून पुड्या यायच्या कमी झाल्या, आणि एक दिवस व्यापाऱ्याची उर्दूतली चिठ्ठी आली की माल नाही, कधी येईल सांगता येत नाही. राहिलेली दवा एकाच बाटलीपुरती उरली. माझ्याकडच्या तपकिरी बाटल्या तेव्हा संपल्या होत्या, म्हणून एक पांढऱ्या काचेची दिली. गुरपादप्पांनी तिला फाटक्या छत्रीच्या काळ्या कापडाचं कुंची-टोपडं शिवलं. गळ्यापर्यंत यायला आत अकरा गोट्या लागल्या. आणि दुकानात काच उरली होती एकच.

त्याच सुमारास मल्लम्माचा एकुलता एक मुलगा, शरणू, फौजेत नाव घालून आला. लामावर, म्हणजे लढाईवर, निघायच्या दिवशी तो दुकानात आला. म्हणाला, "अप्पा, आईसंगं एक फोटो काढा." मल्लम्मा निरोप मिळताच धुण्याच्या घाटावरून पळत आली होती. लुगडं निम्मं ओलं. शरणूनं तिचा हात धरून खुर्चीकडं ओढलं, तर ती उंबऱ्यातच थांबली.

"ओल्या लुगड्यानं न्हाई बसायची मी."

"आई, मोटार सुटायलीय."

"सुटू दे. मयताहून आल्यावर बाई ओल्या लुगड्यात ऱ्हाती. लेकरू गावाला निघालंय, आन् मी त्याच्याजवळ ओलं नेसून बसू?"

अक्कानं स्वतःचं कोरडं लुगडं आणायला आत धाव घेतली, पण तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. एकट्याचा तरी काढ, असं आम्ही म्हणालो. शरणू ऐकेना. "आईसंगंच काढायचा. परत आलो की काढू. येवढी दवा माझ्यासाठी ठिवा, अप्पा." गुरपादप्पांनी बाटलीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ठिवली." पोरगा पळत जाऊन मोटारीत चढला. मल्लम्मा कितीतरी वेळ तिथंच उभी होती. पायाशी पाणी ठिबकत होतं.

त्या एका शब्दानं गुरपादप्पांचं दुकान बंद पडलं म्हणा ना. ते कंदील दुरुस्त करू लागले, देवादिकांच्या तसबिरींना चौकटी बसवू लागले. एका बड्या घरातून फोटोसाठी मोटार आली. यांनी सांगितलं, दवा संपली. ड्रायव्हरनं फळीवरच्या टोपडं घातलेल्या बाटलीकडं बोट केलं, "वो क्या है फिर?"

"ती शरणूची हाय," गुरपादप्पा म्हणाले, आणि त्याला भाकरी वाढायला सांगितली.

आता दर बाजाराला मल्लम्मा यायची ती सोडा घेऊन नव्हे, कारण सोड्याला काम नव्हतं. ती दारात उभी राहून विचारायची, "बाटली कशी हाय?" गुरपादप्पा टोपडं काढून बाटली उजेडाला धरायचे. ती वाकून बघायची, आतल्या गोट्या बोटानं मोजायची. मग म्हणायची, "निवळ हाय." आणि बाजाराला जायची. पहिले काही महिने आम्हाला गंमत वाटली. एका बाजाराला तिनं बाटली बघितली आणि हात जोडून म्हणाली, "माझं लेकरू बरं हाय म्हनायचं."

ती गेल्यावर गुरपादप्पांनी बाटलीला टोपडं चढवलं आणि माझ्याकडं वळले. "कंपौंडर, ऐकलास? हिनं बाटलीला पोराचा जीव बांधलाय." शरणूची पत्रं वर्षात दोन आली होती. मग तीही थांबली. ती बाटली म्हणजे त्या बाईचा नंदादीप झाली होती, आणि तेल घालायचं काम यांच्याकडं.

त्यांनी काय केलं नाही? मेणावर मेण चढवलं. भर उन्हाळ्यात दिवसातून तीनदा विहिरीत टोपली बघून यायचे. पण दवा ती दवाच. दुसऱ्या उन्हाळ्यात ती काडीसारखी पिवळी दिसायला लागली. मला बोलावून दाखवली. माणूस आठ दिवसांत वाळला होता.

मी आपला व्यवहारी माणूस. म्हणालो, "अप्पा, सरळ पाणी भरून ठेवा. जन्मभर निवळ राहील."

ते असे भडकले की विचारू नका. "तू दवाखान्यात बी हेच करायलास काय? पोरगा आल्यावर फोटो कशात धुऊ, पान्यात?" मी घरी आलो.

पण दोन दिवसांनी ते औषधाच्या खिडकीशी आले आणि एक तपकिरी बाटली मागून घेऊन गेले. पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. टोपड्यातली बाटली उजेडाला धरली होती, अकरा गोट्या, आत स्फटिकासारखं निवळ. मल्लम्मा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली. बुचाशी बोट फिरवलं. मग म्हणाली, "निवळ हाय." मी नंतर विचारलं तर गुरपादप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "इहिरीतल्या गारव्यानं निवळली." नासलेली दवा निवळत नाही, हे मला कळत होतं. मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, दर बाजाराला बाटली धरताना उंबऱ्याकडं बघायचा. मला त्यांची दया यायची, आणि बाईचीही. पण मी तोंड शिवून बसलो.

लढाई संपली. लोक परतू लागले. शरणूचा पत्ता नाही. बाजारामागून बाजार गेले, बाई यायची, बाटली बघायची. आणि एका दुपारी, बाजार नसताना, दुकानाच्या दारात एक काळा, वाळलेला, लष्करी बूट घातलेला माणूस उभा राहिला. मागं मल्लम्मा, नवं कोरं इरकल नेसलेली. तिनं आल्या आल्या पदराचं टोक पुढं केलं. "बघा अप्पा, कोरडं हाय."

अक्कानं भाकरी थापली. रडत थापली, त्यामुळं खारट झाली असावी, कुणी बोललं नाही. मायलेक जेवले आणि मग खुर्चीवर बसले. एकच काच होती. गुरपादप्पांनी लेन्सचं झाकण काढलं, मोजलं, लावलं. मग विहिरीतून टोपली ओढली. टोपलीत तपकिरी बाटली होती.

अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघंच. लाल काचेच्या कंदिलाच्या उजेडात त्यांनी मेण फोडलं. दवा चहासारखी झाली होती, अगदी काळी नव्हे. त्यांनी ती थाळीत ओतली आणि काच बुडवली. जप सुरू झाला. एकशे आठ झाले. काच कोरी. दोनशे झाले. अडीचशे झाले, पण चाल मोडली नाही. तीनशेच्या पुढं कुठंतरी काचेच्या मध्यावर एक काळी रेघ उमटली. काचेवर सगळं उलटं येतं, पांढरं असेल ते आधी काळं होतं. ते मल्लम्माचे दात होते. बाई हसत होती.

मग शरणूची कॉलर आली, मग डोळे. सातशे जपांना गुरपादप्पांनी काच बाहेर काढली आणि शेवटचा 'ॐ नमः शिवाय' अगदी हळू म्हटला.

आठवड्यानं कागदावरचा फोटो न्यायला मल्लम्मा आली. पुष्कळ वेळ बघत बसली. मग फोटो पदरात गुंडाळून उठली, आणि फळीवरच्या टोपडं घातलेल्या बाटलीकडं बघून म्हणाली, "अप्पा, आता तरी ते पानी अंगनातल्या मोगऱ्याला घाला की."

गुरपादप्पांच्या हातातला कंदील तसाच राहिला. "कवा कळलं तुला?"

"पयल्याच बाजारी. गळ्याला पांढरं फुटलं न्हाई. पान्याला कुटं फुटतंय?"

"वरीसभर?" ते म्हणाले. "मग दर बाजारी बघाया कामून येत हुतीस?"

"तुमी दर बाजारी दाखवत हुताव म्हनून," मल्लम्मा म्हणाली. "मी आले नसते तर तुमाला वाटलं असतं, हिनं पोराची आस सोडली."

ती बाजाराला निघून गेली. गुरपादप्पा उठले, बाटलीचं बूच काढलं आणि पाणी मोगऱ्याला घातलं. गोट्या धोतराला पुसून कोटाच्या खिशात टाकल्या. पुढच्या वर्षी माझी बदली औरादला झाली. मोटारीवर मला पोचवायला आले होते ते, तोच काळा कोट घालून. मोटार हलली तशी चार पावलं बरोबर चालत आले, आणि खिशात गोट्या वाजत होत्या.